फाइल जागेवर, तरी 'फाइल नॉट फाउंड': लिनक्सवर ओडीबीसी ड्रायव्हर बसवण्याचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सहकारी दूध संघाचे आहे. संघाची आणि माणसांची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

गावोगावच्या प्राथमिक संस्था या संघाला दूध घालतात. सकाळ-संध्याकाळचे संकलन, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर आणि कपाती हे सगळे मुख्य कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरवर, मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ या डेटाबेसमध्ये साठत होते. दर दहा दिवसांनी बिल निघायचे. संघाने दोन नवी कामे हाती घेतली. संस्थांच्या सचिवांना ब्राउझरमध्ये आपला उतारा पाहता यावा, हे एक. बिलाच्या आदल्या रात्री एका पायथन प्रोग्रामने आकडे तपासून विसंगतींची यादी काढावी, हे दुसरे. दोन्हींसाठी सेंटओएस ७ चा एक लिनक्स सर्व्हर घेतला. उताऱ्याची पाने पीएचपीत लिहून झाली होती, पायथनचा प्रोग्रामही तयार होता. फक्त लिनक्सवरून विंडोजवरच्या डेटाबेसला जोडणी होत नव्हती, आणि त्यासाठी आम्हाला बोलावले गेले.

ओडीबीसीची मांडणी ज्यांच्या रोजच्या कामातली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. वेगवेगळ्या डेटाबेसांशी प्रोग्रामांना एकाच पद्धतीने बोलता यावे म्हणून मायक्रोसॉफ्टने १९९२ मध्ये ओडीबीसी आणले. प्रोग्राम थेट डेटाबेसशी बोलत नाही, तो ड्रायव्हर मॅनेजरशी बोलतो. मॅनेजर कॉन्फिग फाइल वाचतो, त्यात लिहिलेला ड्रायव्हर, म्हणजे त्या डेटाबेसची भाषा जाणणारी लायब्ररी (तयार कोडची फाइल), चालू प्रक्रियेत लोड करतो आणि पुढचे बोलणे त्या ड्रायव्हरवर सोपवतो. विंडोजमध्ये हा मॅनेजर ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग असतो आणि त्याला सेटिंग करायची खिडकी असते. युनिक्सवर तो वेगळा बसवावा लागतो. युनिक्सओडीबीसी आणि आयओडीबीसी असे त्याचे दोन प्रमुख प्रकार आहेत. सगळे कॉन्फिग साध्या मजकुराच्या दोन फाइलींत असते: ओडीबीसीइन्स्ट.आयएनआयमध्ये ड्रायव्हरची नोंद, ओडीबीसी.आयएनआयमध्ये डेटा सोर्सची, म्हणजे डीएसएनची. या फाइली कोणत्या फोल्डरमध्ये शोधायच्या, हे मॅनेजर कंपाइल करताना, म्हणजे सोर्स कोडपासून बांधताना, ठरते. या प्रकरणातला निम्मा गोंधळ या शेवटच्या वाक्यातून आला.

अडचण

संघाचा सिस्टिम अॅडमिन तरुण आणि मेहनती होता. त्याने डीएसएन लिहून ठेवला होता, ड्रायव्हरही आणून ठेवला होता. पण एकाच सर्व्हरवर, एकाच डीएसएनला तीन ठिकाणांहून तीन वेगळी उत्तरे मिळत होती.

आयएसक्यूएल या चाचणीच्या कमांडवर यायचे: ड्रायव्हर मॅनेजर अमुक लायब्ररी उघडू शकत नाही, 'फाइल नॉट फाउंड'. पायथनमधून एरर आयएम००२: या नावाचा डेटा सोर्स सापडला नाही आणि डीफॉल्ट ड्रायव्हरही दिलेला नाही. ब्राउझरमध्ये तर नुसते कोरे पान.

पहिली एरर वाचून कुणीही पाथ तपासेल. त्यानेही तपासला. फाइल त्याच जागी होती. मग पाथ पुन्हा टाइप झाला, फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली गेली, शेवटी तिला सगळ्यांसाठी सगळ्या परवानग्या दिल्या गेल्या. एरर तीच. वार्षिक सभेत पोर्टलची घोषणा होऊन गेली होती आणि कार्यकारी संचालक रोज विचारत होते. त्या घाईत तिन्ही एरर एकाच आजाराची लक्षणे आहेत असे धरले गेले. ती तशी नव्हती.

कोणते पर्याय होते

पहिल्या बैठकीत चार वाटा समोर ठेवल्या. विंडोजवरून रोज रात्री सीएसव्ही फाइल (साध्या मजकुरातला तक्ता) काढायची आणि लिनक्सवर उचलायची, ही सर्वांत सोपी. ती बिलाच्या तपासणीला पुरली असती. पण सचिवांना सकाळच्या संकलनाचा उतारा दुपारी हवा होता. म्हणून ही वाट फक्त तात्पुरती घेतली. तो निर्णय फार उपयोगी ठरला, कारण पुढचे बिल त्यावर निभावले आणि शांतपणे शोध घ्यायला उसंत मिळाली.

दुसरी वाट जेडीबीसीची, म्हणजे जावा भाषेतल्या ओडीबीसीसारख्या व्यवस्थेची. त्यातला शुद्ध जावातला ड्रायव्हर म्हणजे एक जार फाइल असते, सिस्टिमच्या लायब्रऱ्यांशी तिचा संबंध येत नाही, आणि या लेखातल्या बहुतेक अडचणी मुळात उद्भवतच नाहीत. पण लिहून तयार झालेले काम पीएचपी आणि पायथनमध्ये होते, ते टाकून देणे परवडणारे नव्हते.

उरले दोन ड्रायव्हर. मायक्रोसॉफ्टचा लिनक्ससाठीचा ओडीबीसी ड्रायव्हर, किंवा फ्रीटीडीएस. एसक्यूएल सर्व्हर ज्या टीडीएस प्रोटोकॉलवर बोलतो, त्याची खुली अंमलबजावणी म्हणजे फ्रीटीडीएस. संघाचा डेटाबेस जुना होता. मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हरच्या कोणत्या आवृत्तीला कोणत्या डेटाबेसचा पाठिंबा आहे हे आधी जुळवावे लागले असते, शिवाय परवाना करार संघातर्फे कुणी मान्य करायचा यावर कार्यालयात एकमत होत नव्हते. फ्रीटीडीएस सेंटओएसवर चालणाऱ्या ईपेल या जादा पॅकेजांच्या भांडारात तयार मिळत होते, आणि त्याची टीएसक्यूएल ही कमांड ओडीबीसीला पूर्ण बाजूला ठेवून थेट सर्व्हरशी बोलून पाहते. अडचण नेमकी कोणत्या पायरीवर आहे हे शोधायला ही सोय मोलाची असते. आम्ही फ्रीटीडीएस निवडले.

पहिली गाठ: लायब्ररीच्या पोटातली लायब्ररी

अॅडमिनने आणलेल्या ड्रायव्हर फाइलवर एलडीडी चालवले. ही कमांड एखाद्या लायब्ररीला आणखी कोणत्या लायब्रऱ्या लागतात आणि त्या सापडतात का, हे दाखवते. उत्तर एका ओळीत होते: लिबजीएनयूटीएलएस.एसओ.३०, सापडत नाही.

उलगडा असा होता. आधी उबुंटूच्या एका यंत्रावर हीच जोडणी यशस्वी झाली होती, म्हणून तिथली ड्रायव्हर फाइल उचलून इथे ठेवली होती. ती फाइल जीएनयूटीएलएस या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या ३० क्रमांकावर बांधलेली. सेंटओएस ७ मध्ये ती लायब्ररी २८ क्रमांकाची. ड्रायव्हर लोड करताना त्याची गरज भागली नाही आणि लोड फसले. युनिक्सओडीबीसी हे लोडिंग लिबएलटीडीएल या थरामार्फत करते, आणि खरे कारण त्या थरातच गळून पडते. आतली फाइल नसो, ३२ बिटांची लायब्ररी ६४ बिटांच्या प्रोग्रामला दिलेली असो, की वाचायची परवानगी नसो, वर येते ते बहुतेक वेळा 'फाइल नॉट फाउंड'च. आणि नाव छापले जाते ड्रायव्हरचे. हा संदेश दिसला की पाथ एकदाच पाहावा आणि लगेच एलडीडीकडे वळावे. तेवढ्याने भागले नाही तर एलडी_डीबगला 'लिब्ज' ही किंमत देऊन कमांड चालवावी, म्हणजे लोडर (लायब्रऱ्या शोधून लोड करणारा सिस्टिमचा भाग) कुठे कुठे शोधतो आहे त्याची पूर्ण यादी समोर येते.

इथे पहिला खरा निर्णय घ्यावा लागला. अॅडमिनने सुचवले, "सर, २८ च्या फाइलला ३० नावाची सिमलिंक देऊ या का? दोन मिनिटांचं काम आहे."

एसओनंतरचा आकडा बदलतो, तेव्हा आतली रचना जुन्या प्रोग्रामांशी जुळत नाही असे लायब्ररीचे कर्तेच सांगत असतात. सिमलिंकने, म्हणजे २८ च्या फाइलकडे बोट दाखवणाऱ्या नुसत्या नावाने, एरर गेली असती आणि जोडणी कदाचित चाललीही असती. पण एखाद्या रात्री, नेमक्या एन्क्रिप्शनच्या टप्प्यावर प्रोग्राम कोसळला असता आणि कारण कुणालाच उमगले नसते. ज्या सर्व्हरवर शेतकऱ्यांच्या बिलाचे आकडे तपासले जाणार, तिथे असे ठिगळ लावायला आम्ही नकार दिला. उचललेली फाइल काढून टाकली, ईपेलमधून फ्रीटीडीएसचे पॅकेज बसवले. त्याचा ड्रायव्हर याच सिस्टिमसाठी बांधलेला होता. एलडीडीची यादी स्वच्छ आली.

दुसरी गाठ: दोन मॅनेजर, दोन घरे

यानंतर आयएसक्यूएल जोडले गेले. सगळ्यांचे चेहरे उजळले. पायथन मात्र आयएम००२ वरच अडून होता, म्हणजे त्याला डीएसएनच दिसत नव्हता.

अशा वेळी विचारायचा प्रश्न एकच: हा प्रोग्राम नेमकी कोणती फाइल वाचतो आहे? 'ओडीबीसीइन्स्ट -जे' ही कमांड मॅनेजरची आवृत्ती, ड्रायव्हरची फाइल, सिस्टिम डीएसएनची फाइल आणि चालू युझरच्या डीएसएनची फाइल, हे सगळे पाथ छापते. तिने उत्तर दिले /यूएसआर/लोकल/ईटीसी. पायथनची पीवायओडीबीसी लायब्ररी एलडीडीने पाहिली तर ती /यूएसआर/लिब६४ मधल्या मॅनेजरला जोडलेली निघाली, आणि तो वाचतो /ईटीसी.

सर्व्हरवर युनिक्सओडीबीसी दोनदा बसलेले होते. एकदा पॅकेजमधून. त्याआधी केव्हातरी, बाहेरून आलेल्या कुणीतरी सोर्स कंपाइल करून. सोर्समधून बांधताना काहीच सांगितले नाही, तर सगळे /यूएसआर/लोकलखाली जाते आणि कॉन्फिगही तिथेच शोधले जाते. लॉगिन केलेल्या माणसाच्या पाथमध्ये (कमांड जिथे शोधल्या जातात त्या फोल्डरांच्या यादीत) /यूएसआर/लोकल/बिन आधी येत असल्याने हाताने चालवलेले आयएसक्यूएल या जुन्या घरातले होते. पायथन आणि पीएचपी दुसऱ्या घरात राहत होते.

तीन उपाय शक्य होते. ओडीबीसीसिसआयएनआय हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (प्रोग्रामला बाहेरून दिलेली सेटिंग) सगळीकडे लावून दोघांना एकाच फोल्डरकडे वळवायचे. किंवा एका घरातल्या फाइलींच्या सिमलिंक दुसऱ्यात ठेवायच्या. किंवा एक मॅनेजर काढूनच टाकायचा. पहिले दोन लवकर होणारे, आणि चालू व्यवस्थेला धक्का न लावणारे. त्यांच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा रास्त होता: सोर्समधून बांधलेला मॅनेजर आणखी कुणी वापरत असेल तर? म्हणून आधी तेच तपासले. सर्व्हरवरच्या प्रोग्रामांपैकी /यूएसआर/लोकलमधल्या लिबओडीबीसीला जोडलेला एकही निघाला नाही. मग त्या फोल्डरची प्रत बाजूला ठेवून जुना मॅनेजर काढला. काढल्यावर बॅशने, म्हणजे कमांड घेणाऱ्या शेलने, जुनाच पाथ लक्षात ठेवून 'अशी फाइल नाही' म्हटले. 'हॅश -आर' दिल्यावर तो वळणावर आला. छोटी गोष्ट आहे, पण थकलेल्या माणसाला ती घाबरवते.

माझ्या मते या प्रकरणातला हा सर्वांत चांगला निर्णय. दोन मॅनेजर ठेवून त्यांच्यात समेट घडवत बसलो असतो तर पुढच्या प्रत्येक अपडेटला तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला असता.

तिसरी गाठ: हाताने चालते, रात्री चालत नाही

पायथनचा प्रोग्राम अॅडमिनच्या लॉगिनमधून व्यवस्थित चालला. ठरलेल्या वेळी कामे चालवणाऱ्या क्रॉनमधून रात्री पुन्हा आयएम००२.

जुना मॅनेजर काढल्यावर अॅडमिनने डीएसएन आपल्या होम फोल्डरमधल्या .ओडीबीसी.आयएनआय फाइलमध्ये ठेवला होता. क्रॉनचे काम दुसऱ्या, फक्त याच कामासाठी केलेल्या युझरच्या नावाने चालत होते, आणि त्या युझरच्या घरात अशी फाइल नव्हती. त्यातच आधीच्या धडपडीत एलडी_लायब्ररी_पाथ आणि ओडीबीसीची व्हेरिएबले अॅडमिनच्या .बॅश_प्रोफाइलमध्ये लिहिली गेली होती. क्रॉन ती फाइल वाचत नाही, अपाचे हा वेब सर्व्हरही वाचत नाही. जुन्या युनिक्सांवर काम केलेल्यांना यातला आणखी एक काच ठाऊक असेल: एआयएक्सवर एलडी_लायब्ररी_पाथचे नाव लिबपाथ, एचपी-यूएक्सवर एसएचलिब_पाथ. एका यंत्राची टिपणे दुसऱ्यावर जशीच्या तशी लागू पडत नाहीत.

क्रॉनच्या ओळीत व्हेरिएबले भरून काम भागले असते, पण आम्ही उलट दिशेने गेलो. डीएसएन /ईटीसीमध्ये सिस्टिम पातळीवर हलवला. पासवर्ड त्यात न ठेवता, फक्त त्या युझरला वाचता येईल अशा वेगळ्या फाइलमध्ये ठेवला. प्रोफाइलमधली सगळी व्हेरिएबले पुसली. ड्रायव्हर पॅकेजमधून आलेला असल्याने लोडरला तो आपोआप सापडत होताच. यानंतर प्रत्येक चाचणी सुडो (दुसऱ्या युझरच्या नावाने चालवण्याची कमांड) वापरून त्या कामाच्या युझरच्या नावानेच करायची, असा नियम केला.

ब्राउझरचे कोरे पान मात्र यानेही भरले नाही. तोच पीएचपी कोड कमांड लाइनवर उतारा दाखवत होता. ऑडिट लॉगमध्ये कारण लिहिलेले होते: एसईलिनक्स या लिनक्समधल्या सुरक्षा व्यवस्थेने अपाचेला डेटाबेसच्या १४३३ या पोर्टवर जोडणी करू दिली नव्हती. बैठकीत "एसईलिनक्स बंदच करू" हा सूर निघाला. तो पटण्यासारखा नव्हता, कारण हाच सर्व्हर बाहेरच्या जगाला उघडा होणार होता. एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट_डीबी हे एक बूलियन, म्हणजे चालू-बंद करायची सेटिंग, कायमचे चालू केले. बाकी संरक्षण जसेच्या तसे राहिले.

चौथी गाठ: नावांच्या जागी प्रश्नचिन्हे

आकडे येऊ लागले. पण सभासदांच्या नावाचा कॉलम मागितला की सर्व्हरकडून ४००४ क्रमांकाची एरर: फक्त युनिकोड असलेल्या कोलेशनमधला (मजकुराच्या क्रमाच्या नियमांतला) डेटा डीबी-लायब्ररीच्या किंवा ओडीबीसी ३.७ आणि त्याआधीच्या क्लायंटला पाठवता येत नाही.

हा संदेश फसवा आहे. त्यातला ३.७ वाचून युनिक्सओडीबीसीची आवृत्ती वाढवावी असे वाटते, आणि तसा प्रस्ताव आलाही. खरी गोष्ट अशी की क्लायंट टीडीएसच्या जुन्या आवृत्तीत बोलत होता. उबुंटूवरून उतरवलेल्या डीएसएनमध्ये टीडीएसची आवृत्ती ४.२ लिहिलेली होती, ती कुणाच्या नजरेला आली नव्हती. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची अक्षरे सामावणारी पद्धत, टीडीएस ७.० पासून आले. संघाच्या डेटाबेसात मराठी नावे एनव्हारकार या युनिकोड मजकुराच्या कॉलममध्ये, इंडिक_जनरल कोलेशनने ठेवलेली होती, आणि हे कोलेशन फक्त युनिकोडचे. इंग्रजी नावांच्या डेटाबेसात ही चूक कदाचित वर्षानुवर्षे दडून राहिली असती. आवृत्ती ७.३ केली, एरर गेली.

मग उताऱ्यावर नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग आली. फ्रीटीडीएस डेटाबेसकडून आलेला मजकूर क्लायंटच्या कॅरेक्टर सेटमध्ये बदलून देते, आणि वेगळे काही सांगितले नाही तर तो सेट आयएसओ-८८५९-१ धरते. त्या सेटमध्ये देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराचे प्रश्नचिन्ह होते. डीएसएनमध्ये क्लायंटकॅरसेट यूटीएफ-८ केला आणि नावे दिसू लागली. फ्रीटीडीएसचा लॉग, जो टीडीएसडंप या व्हेरिएबलने सुरू होतो, इथे फार कामी आला. काम झाल्यावर तो बंद करून फाइल पुसली, कारण सभासदांची माहिती त्यात उघडी उतरते.

एक गोष्ट इथे ठासून सांगावीशी वाटते. प्रश्नचिन्हे दिसत असताना कोणत्याही प्रोग्रामने डेटाबेसात लिहू नये. वाचताना बिघडलेले अक्षर डेटाबेसात शाबूत असते. तेच प्रश्नचिन्ह परत लिहिले गेले, तर नाव कायमचे गेले. म्हणून संघाच्या डेटाबेसवर लिनक्ससाठी फक्त वाचण्याचा अधिकार असलेले वेगळे लॉगिन आम्ही पहिल्याच दिवशी मागून घेतले होते.

निष्पत्ती

रात्रीची तपासणी क्रॉनमधून नियमित चालू लागली, सचिवांना उतारे दिसू लागले, सीएसव्हीची तात्पुरती वाट बंद झाली. अॅडमिनने एक छोटी तपासणी स्क्रिप्ट लिहिली. ती कामाच्या युझरच्या नावाने चालते, ड्रायव्हरवर एलडीडी आणि 'ओडीबीसीइन्स्ट -जे' यांचे निकाल नोंदवते, आणि शेवटी जोडाक्षरे असलेले एक ठरावीक मराठी नाव मागवून ते अक्षरशः जुळते का ते पाहते. सिस्टिम अपडेट केल्यावर आधी ही स्क्रिप्ट, मग बाकीचे.

वेगळे काय करता आले असते

खालून वर जाणे हा क्रम पहिल्या दिवसापासून हवा होता: पोर्ट उघडा आहे का, टीएसक्यूएल जोडते का, एलडीडी स्वच्छ आहे का, मॅनेजर कोणती फाइल वाचतो, आणि सर्वांत शेवटी प्रोग्राम. सुरुवातीला सगळे वरून, म्हणजे प्रोग्रामच्या एररवरून खाली शोधत गेले, आणि प्रत्येक थराने आपल्या खालच्या थराची अडचण आपल्या शब्दांत सांगितली.

चाचणीची क्वेरीही बदलायला हवी होती. आयएसक्यूएलमध्ये एक आकडा मागवून "जोडले गेले" म्हणणे सोपे आहे, पण युनिकोडची गाठ त्यामुळे सर्वांत शेवटी कळली. मराठी नावाची एक ओळ पहिल्याच चाचणीत मागवली असती तर टीडीएसची आवृत्ती तेव्हाच उघडी पडली असती.

मायक्रोसॉफ्टचा ड्रायव्हर एखाद्या सुट्या यंत्रावर बसवून समांतर तपासायला हवा होता, असे मला आजही वाटते. निवड कदाचित तीच राहिली असती, पण ती कराराच्या अडचणीवर न ठरता तुलनेवर ठरली असती.

सेंटओएस ७ चा पाठिंबा ३० जून २०२४ ला संपला, तेव्हा संघाने सर्व्हर अल्मालिनक्स ८ वर नेला. पॅकेजे, डीएसएन, बूलियन सगळे टिपणावरून बसले. जोडणी मात्र एन्क्रिप्शनच्या टप्प्यावर तुटली, कारण अल्मालिनक्स ८ चे मूळ क्रिप्टो धोरण टीएलएस या एन्क्रिप्शनच्या प्रोटोकॉलच्या १.० आणि १.१ या जुन्या आवृत्त्या नाकारते आणि संघाच्या एसक्यूएल सर्व्हरवर टीएलएस १.२ चे अपडेट बसवलेलेच नव्हते. लिनक्सचे धोरण 'लेगसी' केले असते तर एका कमांडचे काम होते, पण मग त्या यंत्रावरच्या प्रत्येक जोडणीची पातळी खाली आली असती, बाहेरून येणाऱ्या सचिवांच्यासुद्धा. या वेळी अॅडमिनने कुणाला न विचारता बिल निघाल्यानंतरची रात्र निवडली, डेटाबेसचा बॅकअप घेतला आणि अपडेट विंडोजच्या बाजूला बसवले.